एमआरआय नेमकं काय बघतो, आणि कमरेचा एमआरआय ३ टेस्लावर पुन्हा काढावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्याकडून काही सुटत असेल तर कळेल. आईचं वय ६१. कमरेतून उजव्या पायात कळ जाते, म्हणून डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय करायला सांगितला. १.५ टेस्लाच्या मशीनवर झाला (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक). अर्धा तास आत पडून राहावं लागलं आणि त्या आवाजाने आई घाबरून गेल्या. रिपोर्टमध्ये एल४-एल५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली, गादी 'टी२ हायपोइंटेन्स, डेसिकेटेड' आहे आणि उजव्या एल५ नसेवर दाब आहे असं लिहिलंय. आता नात्यातले एक जण म्हणतात की १.५ जुनं झालं, ३ टेस्लावर परत काढा, फोटो स्पष्ट येईल. तुमचं म्हणणं असं की सीटी स्कॅन दोन मिनिटांत होतो, मग याला एवढा वेळ का, एकाच जागेचे इतके फोटो कशाला, आणि क्ष-किरण नसताना नुसत्या चुंबकाने आतलं दिसतं तरी कसं.

मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंटला टेबलवर झोपवण्यापासून कन्सोलवर सिक्वेन्स (एका प्रकारच्या इमेजसाठी लहरी सोडण्याचा आणि ऐकण्याचा ठरलेला क्रम) लावण्यापर्यंतचं काम माझं. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात आणि उपचार आईंचे डॉक्टर ठरवतील, त्यामुळे त्या दोन गोष्टींत मी पडणार नाही. पण तुमच्या चारही प्रश्नांचं मूळ एकच आहे, आणि ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. एमआरआय म्हणजे आतला फोटो, आणि टेस्ला म्हणजे त्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, असं धरून सगळे चाललेत. प्रत्यक्षात मशीन शरीरातल्या पाण्याला आणि चरबीला एकेक प्रश्न विचारतं आणि त्याचं उत्तर रेडिओलहरींतून ऐकतं. कुठला प्रश्न विचारला आणि तो चालू असताना पेशंट किती स्थिर राहिला, यावर स्कॅनचा दर्जा सगळ्यात जास्त अवलंबून असतो. टेस्लाचा नंबर त्यानंतर येतो.

सुरुवात पाण्यापासून करू. आपल्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी असतं. पाण्यात हायड्रोजन, चरबीतही हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचं केंद्र म्हणजे एकटा प्रोटॉन, आणि प्रत्येक प्रोटॉन हा स्वतः एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. एरवी या चुंबकांची तोंडं वाटेल त्या दिशेला असतात, त्यामुळे एकमेकांचा परिणाम पुसला जातो. आई त्या बोगद्यात गेल्या, तेव्हा त्यांच्या भोवती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचं क्षेत्र होतं. अशा क्षेत्रात दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे प्रोटॉनचे अक्ष त्या क्षेत्राभोवती ठरावीक वेगाने फिरायला लागतात. हा वेग दर टेस्लाला सेकंदाला ४ कोटी २५ लाखांहून थोडे जास्त फेरे इतका पक्का असतो, म्हणजे १.५ टेस्लावर सुमारे ६४ मेगाहर्ट्झ आणि ३ टेस्लावर सुमारे १२८. आपलं एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे शरीरातलं पाणी जवळपास त्याच शेजारात 'बोलतं'. एमआरआयची खोली चारी बाजूंनी, छतातून आणि जमिनीतूनही, बहुतेक ठिकाणी तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असते ती याचसाठी. आम्ही तो जाड दरवाजा दाबून लावतो तेव्हा त्याच्या कडेच्या पितळी पट्ट्या चौकटीला टेकाव्या लागतात. दरवाजा नीट लागला नाही तर बाहेरच्या लहरी आत शिरतात आणि इमेजवर आडवी किंवा उभी ठिपक्यांची रेघ उमटते.

दुसरी गोष्ट जास्त नवलाची आहे. सगळे प्रोटॉन काही शिस्तीत क्षेत्राच्या दिशेला वळत नाहीत. शरीराच्या उष्णतेने त्यांची इतकी धक्काबुक्की चाललेली असते की १.५ टेस्लावर क्षेत्राच्या बाजूने झुकणारे प्रोटॉन विरुद्ध बाजूच्यांपेक्षा दहा लाखांमागे जेमतेम पाचच जास्त निघतात. सगळा सिग्नल या पाच जणांचा. तरी तो मिळतो, कारण पाण्याच्या एका घन मिलिमीटरमध्येच हायड्रोजनचे सुमारे साडेसहा कोटी लाख कोटी अणू असतात. त्यातला अगदी नगण्य हिस्साही मोजायला पुरतो. ३ टेस्लावर हे पाचाचे दहा होतात. तुमच्या नातेवाइकांच्या सल्ल्यात जे खरं आहे ते एवढंच आहे, आणि त्याकडे मी पुढे येते.

आता मशीन त्याच ६४ मेगाहर्ट्झची एक छोटी रेडिओलहर शरीरात सोडतं. वारंवारता तंतोतंत जुळली की त्या जास्तीच्या प्रोटॉनांचं एकत्रित चुंबकत्व आडवं होतं आणि एका लयीत फिरायला लागतं. लहर बंद केली की तेच फिरणारं चुंबकत्व कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, अगदी क्षीण वीज निर्माण करतं. कमरेसाठीची कॉइल टेबलमध्येच, पाठीखाली असते. मेंदूसाठी चेहऱ्यावर जाळीच्या हेल्मेटसारखी कॉइल लावतात तिचंही काम हेच: ऐकणं. जितकी कॉइल अंगाच्या जवळ, तितका सिग्नल चांगला. म्हणून पेशंटने पाठ उचलून धरली की आम्ही मायक्रोफोनवरून सारखं 'पाठ पूर्ण टेकवा' सांगत असतो. या सगळ्यात आयनीभवन करणारा किरणोत्सर्ग कुठेच नाही. सीटीमध्ये असतो, एक्स-रेमध्ये असतो, इथे नाही.

इथपर्यंत पाणी कुठे किती आहे एवढंच कळलं. खरा उपयोग पुढे आहे. आडवं केलेलं चुंबकत्व दोन प्रकारे संपतं, आणि या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेगाने होतात. एक, ते हळूहळू पुन्हा मूळ दिशेला उभं राहतं; त्याला लागणारा काळ म्हणजे टी१. दोन, एका लयीत फिरणारे प्रोटॉन एकमेकांच्या शेजारामुळे लय सोडतात आणि सिग्नल विरतो. तो काळ म्हणजे टी२. मोकळ्या पाण्यात रेणू इतक्या वेगाने लोळत असतात की प्रोटॉनांची लय सहज बिघडत नाही. मणक्यातल्या नसांभोवती जो द्रव असतो, सीएसएफ, त्याचा टी२ सेकंदाच्या वर जातो. स्नायूंत पाणी प्रथिनांना चिकटून असतं, तिथे तो साधारण ५० मिलिसेकंदांवर येतो. चरबीचा टी१ १.५ टेस्लावर पाव सेकंदाच्या आसपास, सीएसएफचा चार सेकंदांच्या आसपास. कन्सोलवर मी दोन वेळा ठरवते: किती वेळाने पुन्हा लहर सोडायची आणि लहर सोडल्यावर किती वेळाने ऐकायचं. लवकर लवकर लहर सोडली आणि लगेच ऐकलं तर ज्याचा टी१ लहान ती चरबी उजळ आणि पाणी काळपट दिसतं, ती टी१ इमेज. बराच वेळ थांबून मग उशिरा ऐकलं तर ज्याचा टी२ मोठा ते पाणी उजळ दिसतं, ती टी२ इमेज. जागा तीच, पेशंट तोच, पण विचारलेला प्रश्न बदलला.

म्हणून तुमच्या फिल्मवर एकाच कमरेचे 'सारखेच' फोटो दिसतात. बाजूने घेतलेली टी१ बघा: मणक्यांच्या हाडातला मगज चरबीमुळे करडा-पांढरा आणि सीएसएफ काळं. शेजारची टी२ बघा: सीएसएफची पांढरी उभी पट्टी, तिच्यात नसांचे काळे धागे. त्याच पंगतीत एक जरा खरखरीत दिसणारी, हाडं गडद झालेली इमेज असेल, ती स्टर. आजच्या टी२ इमेजमध्ये चरबीही उजळ दिसते, त्यामुळे हाडाच्या मगजात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तर तो चरबीच्या पांढरेपणात लपतो. स्टरमध्ये आधी चुंबकत्व पूर्ण उलटं करतात आणि चरबीचं चुंबकत्व बरोबर शून्यावर येतं त्या क्षणी, १.५ टेस्लावर साधारण १५० ते १६० मिलिसेकंदांनी, पुढचा सिग्नल घेतात. चरबी गप्प होते आणि सूज एकटी चमकते. पाठीच्या क्षयाचा संशय असला की मी आधी याच इमेजकडे बघते. मग आडवे काप, प्रत्येक गादीतून, नस कुठल्या बाजूला दबते ते दाखवायला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मानेपासून माकडहाडापर्यंत एक झटपट स्क्रीनिंगही घेतात. तिचा एक उपयोग लोकांना माहीत नसतो: मणके वरून मोजत आल्याशिवाय कधीकधी एल५ कुठला हेच ठरवता येत नाही, कारण काही लोकांत कमरेचा शेवटचा मणका त्याखालच्या सॅक्रम या हाडाला जुळलेला किंवा सॅक्रमचा पहिला मणका सुटलेला असतो. ऑपरेशनची वेळ आली तर ही मोजणी चुकून चालत नाही.

आता रिपोर्टमधलं वाक्य. टी२ हायपोइंटेन्स म्हणजे टी२ इमेजवर आजूबाजूपेक्षा काळं. गादीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो. विशीतल्या माणसाची गादी टी२ वर मधोमध पांढरी दिसते. वय वाढेल तसा गर वाळतो, उरलेलं पाणी तंतूंना चिकटतं, टी२ लहान होतो आणि गादी काळी पडते. डेसिकेटेड म्हणजे एवढंच, वाळलेली. तो शब्द वाचून घाबरलेली माणसं मी नेहमी बघते, आणि म्हणून हे ठासून सांगावंसं वाटतं की काळी गादी म्हणजे दुखणं नव्हे. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीत झीज दिसली आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या. आईंच्या रिपोर्टमध्ये महत्त्वाचं वाक्य त्याच्या पुढचं आहे, नसेवरच्या दाबाचं. तेही एकट्याने पुरत नाही. एल५ नस दबली तर कळ साधारण मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पायाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे उतरते. आईंची कळ त्याच वाटेने जाते का, अंगठा वर उचलायला जोर कमी पडतो का, हे डॉक्टर हाताने तपासून बघतील. चित्र आणि लक्षण जुळलं तर तो रिपोर्ट कामाचा.

आता वेळ आणि आवाज. या दोन्हींचं कारण एकच आहे: सिग्नल कुठून आला हे शोधणं. कॉइलला तर सगळ्या पोटाचा सिग्नल एकदम ऐकू येतो. त्यातून एल४ कुठला आणि एल५ कुठला हे वेगळं कसं करायचं, हा प्रश्न १९७०च्या सुरुवातीपर्यंत सुटलेला नव्हता. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये द्रवात आणि घनपदार्थात हा अनुनाद शोधला होता, त्यांना १९५२ चं नोबेलही मिळालं होतं, पण तेव्हा रसायनशास्त्रज्ञ नळीतल्या नमुन्याचा सिग्नल घेत आणि तो सगळीकडून सारखाच यावा म्हणून क्षेत्र शक्य तितकं एकसमान ठेवत. पॉल लॉटरबर यांनी नेमकं उलट केलं. क्षेत्र मुद्दाम एका बाजूला थोडं कमी आणि दुसऱ्या बाजूला थोडं जास्त केलं. १९७३ मध्ये त्यांनी छापलेली पहिली प्रतिमा पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची होती. दिसायला दोन ठिपके. पण त्या ठिपक्यांत आजचं सगळं यंत्र आहे.

त्यांची युक्ती अशी. फिरण्याचा वेग क्षेत्राच्या ताकदीवर अवलंबून असतो. मग डोक्याकडून पायाकडे क्षेत्र किंचित चढतं ठेवलं तर प्रत्येक पातळीवरचं पाणी किंचित वेगळ्या सुरात बोलेल. हार्मोनियमच्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे चढत्या सुरात मांडलेल्या असतात, म्हणून पेटी दिसत नसली तरी सूर ऐकून कुठली पट्टी दाबली हे सांगता येतं, तसंच. अनेक पट्ट्या एकदम दाबल्या तरी गणिताने सूर वेगळे करता येतात, त्या गणिताला फूरिये ट्रान्सफॉर्म म्हणतात. हा चढ देणाऱ्या कॉइलना ग्रेडियंट कॉइल म्हणतात आणि त्या तीन दिशांना तीन असतात. एक काप निवडायला, एक त्या कापातली एक दिशा सुराने ओळखायला. तिसऱ्या दिशेसाठी सूर वापरता येत नाही, तो आधीच खर्ची पडलेला असतो. तिथे ग्रेडियंट क्षणभर लावून प्रोटॉनांना जागेनुसार थोडं पुढे-मागे करतात, आणि हे दर वेळी वेगळ्या जोराने पुन्हा पुन्हा करून सिग्नल साठवतात. फूरियेचं गणित वापरून अशी प्रतिमा काढण्याची कल्पना १९७५ साली झ्युरिकमध्ये रिचर्ड अर्न्स्ट यांच्यासोबत अनिल कुमार आणि डीटर वेल्टी यांनी मांडली. अनिल कुमार पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक एमआरआय मशीनवर त्याच कल्पनेचं सुधारलेलं रूप चालतं, आणि आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

या 'पुन्हा पुन्हा'मध्ये तुमचा अर्धा तास गेला. हिशेब बघा. टी२ इमेजसाठी दोन लहरींत साधारण तीन सेकंद थांबावं लागतं, नाहीतर पाण्याचं चुंबकत्व परत उभं राहत नाही. इमेजमध्ये २५६ ओळी हव्या असतील तर २५६ वेळा तीन सेकंद, म्हणजे जवळजवळ तेरा मिनिटं, आणि तेही फक्त एका सिक्वेन्सला. सुरुवातीच्या मशीनवर खरोखर एवढा वेळ लागे. १९८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या युर्गेन हेनिग यांनी एका लहरीनंतर एकच नव्हे तर अनेक प्रतिध्वनी घेऊन प्रत्येकातून वेगळी ओळ भरायची पद्धत काढली. एका फेरीत सोळा ओळी घेतल्या की तेरा मिनिटांची ४८ सेकंद होतात. मग सिग्नल स्वच्छ यावा म्हणून आम्ही तेच दोन-तीनदा घेऊन सरासरी काढतो, म्हणून एक सिक्वेन्स दोन ते चार मिनिटांवर जातो. असे पाच-सहा सिक्वेन्स धरा, त्यात पेशंटला नीट झोपवणं, कापांची जागा आखणं मिळवा. सीटीमध्ये नळी फिरते आणि क्ष-किरण आरपार गेले की काम झालं. पाणी सावरायची वाट तिथे बघावी लागत नाही.

आणि आवाज त्या ग्रेडियंटांचा. त्यांच्यातून शेकडो अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात चालू-बंद होतो. भोवती मोठा चुंबक असल्यामुळे प्रत्येक वेळी त्या तारांना जबरदस्त झटका बसतो आणि त्यांचा अख्खा साचा थरथरतो. सिक्वेन्सनुसार ठोका बदलतो: टी२ ला ठक-ठक-ठक, मेंदूच्या डिफ्यूजन नावाच्या सिक्वेन्सला कर्कश घरघर. स्कॅन थांबल्यावरही जो चिवचिव आवाज येत राहतो तो वेगळा, हेलियम थंड ठेवणाऱ्या पंपाचा. मोठा चुंबक निओबियम-टायटॅनियमच्या तारांचा असतो आणि त्या तारा उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममुळे अतिवाहक होतात, म्हणजे एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. म्हणून तो चुंबक रात्रीही चालू असतो, वीज गेली तरी चालू असतो.

हलल्याचा परिणामही याच पद्धतीमुळे कळतो. साठवलेल्या प्रत्येक ओळीत पूर्ण इमेजची थोडी थोडी माहिती असते. त्यामुळे चाळिसाव्या सेकंदाला खोकला आला तर इमेजचा एखादा कोपरा बिघडत नाही, सगळी इमेज लाटांसारखी डुप्लिकेट होते. दुखणाऱ्या कमरेने अर्धा तास निपचित पडणं किती अवघड असतं हे मला दिसतं. गुडघ्यांखाली उशी दिली की कमरेचा ताण कमी होतो, आणि बऱ्याच पेशंटना त्या एका उशीने पूर्ण स्कॅन जमतो.

थोडक्यात आतापर्यंतचं: पाण्याला चुंबकात ठेवायचं, रेडिओलहरीने हलवायचं, ते कसं सावरतं त्यावरून ऊतक ओळखायचं, आणि ग्रेडियंटांनी जागा शोधायची. आता ३ टेस्लाचं बघू.

३ टेस्लावर जास्तीचे प्रोटॉन दुप्पट, त्यामुळे सिग्नल हिशेबाने दुप्पट, प्रत्यक्षात त्याहून कमी. हा फायदा कुठे दिसतो? मनगटातल्या बारीक लिगामेंटमध्ये, प्रोस्टेटमध्ये, फिट्स येणाऱ्या पेशंटच्या मेंदूतला छोटा दोष शोधताना, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बघताना. तिथे पर्याय असेल तर मीही ३ टेस्ला सुचवीन. कमरेत मात्र गादी सेंटीमीटरच्या घरातली आणि नस काही मिलिमीटरची, १.५ वर ती व्यवस्थित दिसते. उलट ३ टेस्लाचे काही तोटे मणक्यातच जास्त जाणवतात. सीएसएफच्या हालचालीमुळे येणारे काळे डाग वाढतात. स्क्रू किंवा प्लेट असेल तर तिच्याभोवतीचा वेडावाकडा काळा भाग मोठा होतो. तीच लहर दिली तर अंगात मुरणारी रेडिओऊर्जा साधारण चौपट होते, म्हणून मशीनच मर्यादा घालतं. मणक्याचं ऑपरेशन झालेला पेशंट असेल तर मी स्वतः १.५ ला पसंती देते.

तेव्हा तुमच्या आईंच्या बाबतीत नुसता १.५ होता म्हणून पुन्हा काढण्याचं कारण मला दिसत नाही. परत काढावा असं कधी म्हणेन? इमेज हलल्यामुळे खराब असतील आणि रिपोर्टमध्ये तसं लिहिलं असेल तर. स्टर किंवा आडवे काप घेतलेच नसतील तर. आधी ऑपरेशन झालेलं असेल आणि व्रणाची गाठ की नव्याने सरकलेली गादी हे ठरवायचं असेल, तेव्हा गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट औषधाचं इंजेक्शन देऊन. ०.२-०.३ टेस्लाच्या उघड्या मशीनवर काढलेला असेल आणि शंका उरली असेल तर. किंवा लक्षणं बदलली असतील तर. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, पाय झपाट्याने लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर टेस्लाचा विचार करत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

पुन्हा काढायचाच झाला तर दोन गोष्टी. आईंची भीती: कमरेचा स्कॅन बऱ्याच मशीनवर पाय आधी आत घालून करता येतो, मग डोकं बोगद्याच्या तोंडाशी राहतं. हे टेक्नॉलॉजिस्टला आधीच विचारा. कानात बोळे आणि वर हेडफोन दोन्ही मागा, आणि हातातला रबरी फुगा दाबला की आम्ही लगेच बोलतो हे त्यांना आधी सांगून ठेवा. मशीन ७० सेंटीमीटर रुंदीचं मिळालं तर ६० पेक्षा बरंच मोकळं वाटतं.

दुसरी गोष्ट धातूची, आणि यावर मी कधीच तडजोड करत नाही. चुंबक कायम चालू असतो हे वर सांगितलं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि पेशंटसोबत आलेल्या तरुणाचा त्यात जीव गेला. सिलिंडर, व्हीलचेअर, स्ट्रेचर यांना दाराबाहेरच थांबवतात ते याचसाठी, आणि त्यावरून स्टाफशी वाद घालू नका. घरच्या बायकांना मी एकेक विचारत जाते: मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना, पदराची आणि निऱ्यांची सेफ्टी पिन, कानातलं, ऐकण्याचं यंत्र, दातांची कवळी. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण त्याच्या आतली स्प्रिंग किंवा पिन चिकटू शकते, आणि धातूची वेटोळी तापू शकतात. जरीची साडीही बदलायला लावतो, जरीत धातूची तार असते. आणि शरीराच्या आत काय आहे ते तर सांगायलाच हवं: पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, कधी डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण. पेसमेकरचे काही प्रकार आता ठरावीक अटींवर चालतात, पण ते कार्डावरच्या मॉडेल नंबरवरूनच ठरतं, आठवणीवर नाही. स्टेंट आणि टायटॅनियमच्या रॉडना बहुतेक वेळा अडचण येत नाही, तरी कागद सोबत ठेवा. किडनीचा त्रास असेल तर तो इंजेक्शनचा विषय निघायच्या आत सांगा.

दुसरं मत घ्यायचं असेल तर फिल्मऐवजी सीडी न्या. फिल्मवर मोजक्या इमेज असतात, सीडीवर सगळ्या, आणि मोजमाप, उजळपणा सगळं डॉक्टरांना त्यांच्या स्क्रीनवर बदलून बघता येतं. काही केंद्रं ठरावीक मुदतीनंतर जुना डेटा पुसतात, म्हणून सीडी घरच्या संगणकावर उतरवून ठेवा. आईंच्या कमरेचे जुने एक्स-रे असतील तर तेही घ्या. एका कागदावर लिहून न्या: कळ कुठून सुरू होते, पायात कुठपर्यंत उतरते, बसल्यावर वाढते की चालल्यावर, आणि कधीपासून. रेडिओलॉजिस्टकडे येणाऱ्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसतं 'कंबरदुखी' एवढंच लिहिलेलं असतं, आणि एवढ्यावरून नेमकी कुठली नस बारकाईने बघायची हे त्यांना कळायला मार्ग नसतो.